शत्रुराष्ट्रांवरील परमेश्वराची सत्ता: इब्री संदेष्टे प्रथमच वाचणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

इब्री संदेष्ट्यांच्या ग्रंथांकडे नव्याने वळलेला वाचक बहुधा एकाच ठिकाणी अडखळतो. यशयाचे पहिले बारा अध्याय कसेबसे पार पडतात, आणि तेराव्या अध्यायापासून बाबेल, मवाब, दिमिष्क, कूश, मिसर, सोर अशा परक्या राष्ट्रांविषयीच्या देववाणींची रांग लागते ती तेविसाव्या अध्यायापर्यंत संपत नाही. यिर्मयात असे अध्याय ४६ ते ५१ आहेत, यहेज्केलात २५ ते ३२ आहेत, आमोसाच्या ग्रंथाची सुरुवातच त्यांनी होते, आणि ओबद्या व नहूम हे तर संपूर्ण ग्रंथच एकेका शत्रुराष्ट्राविषयी आहेत. अनोळखी नावे, उद्ध्वस्त नगरे आणि सतत येणारी शिक्षेची भाषा यांमुळे हे भाग ओलांडून पुढे जाण्याचा मोह होतो. तसे करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण देवाविषयीची संदेष्ट्यांची सर्वांत धाडसी मांडणी याच भागांत आहे. डोंगराळ मुलखातल्या एका लहान राज्याचा देव हा अश्शूर आणि बाबेल या साम्राज्यांचाही धनी आहे. तो त्यांना वापरतो, आणि वापरलेल्या त्याच साम्राज्यांना त्यांच्या कृत्यांचा जाबही विचारतो. ही दोन विधाने एकत्र धरून वाचली तरच हे अध्याय उलगडतात. एक सोडून दुसरे धरले की अर्थाचा अनर्थ होतो. ती एकत्र धरायची कशी, हे पुढील पायऱ्यांत सांगितले आहे.

पहिली पायरी: नकाशा आणि सनावळी

वाचायला बसण्यापूर्वी जुन्या करारातील प्रदेशांचा एक साधा नकाशा जवळ ठेवावा. बहुतेक छापील मराठी बायबलांच्या शेवटी तो असतो. यरुशलेमवर बोट ठेवून पाहावे: नैर्ऋत्येला मिसर, ईशान्येला फरात नदीच्या पलीकडे अश्शूर, आणि त्याच्या दक्षिणेला बाबेल. या मोठ्या सत्तांच्या मधल्या वाटेवर इस्राएल आणि यहूदा ही दोन छोटी राज्ये होती, आणि त्यांच्या सीमेला लागून अराम, अम्मोन, मवाब, अदोम, पलिष्टी आणि समुद्रकिनाऱ्यावरील सोर व सिदोन हे शेजारी होते. संदेष्ट्यांच्या तोंडी येणारी बहुतेक नावे एवढ्याच भूभागातील आहेत.

सनावळीतील पाच वर्षे पाठ असली की पुष्कळ काम भागते. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने शोमरोन घेतले आणि उत्तरेचे इस्राएल राज्य संपले. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. इ.स.पू. ६१२ मध्ये खुद्द अश्शूरची राजधानी निनवे बाबेली आणि मेदी सैन्यांपुढे पडली. इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम व तेथील मंदिर उद्ध्वस्त केले. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पारसाच्या कोरेश राजाच्या हाती गेले. कोणताही उतारा हाती घेतला की तो या पाच खुणांपैकी कोणत्या दोहोंच्या मध्ये बसतो, हे आधी ठरवावे. नहूमाचे उदाहरण घ्या. तिसऱ्या अध्यायात तो निनवेला विचारतो की तू नो-आमोनपेक्षा चांगली आहेस काय. नो-आमोन म्हणजे मिसरमधील थीब्स, जे अश्शूरच्या सैन्याने इ.स.पू. ६६३ च्या सुमारास लुटले. निनवेचा पाडाव मात्र अजून पुढे आहे, असे त्याच्या बोलण्यावरून दिसते. म्हणजे हा ग्रंथ ६६३ आणि ६१२ यांच्या दरम्यानचा, हे वाचकाला स्वतःच काढता येते.

एक व्यावहारिक सूचना येथेच करतो. शक्य असल्यास दोन मराठी भाषांतरे समोर ठेवावीत, एक जुन्या धाटणीचे आणि एक सुलभ. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि या ग्रंथांसाठी मूळ भाषेपर्यंत जाण्याचे कष्ट घेण्याची परंपरा आपल्याकडे आहे. ज्यू प्रकाशनांच्या प्रती वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की काही ठिकाणी अध्याय व वचनांचे क्रमांक थोडे पुढेमागे असतात.

दुसरी पायरी: शेजाऱ्यांची समजूत काय होती

त्या काळी प्रत्येक राष्ट्राचा आपला देव होता, आणि युद्धात हरलेल्या राष्ट्राचा देवही हरला असे सर्रास मानले जाई. परंतु हे चित्र इतकेही सरळ नव्हते. जॉर्डनमधील धिबान येथे १८६८ मध्ये मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख प्रकाशात आला, तो इ.स.पू. नवव्या शतकातला असून आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला दीर्घकाळ छळले, कारण मवाबचा देव कमोश आपल्या भूमीवर रागावला होता, असे मेशा त्यात सांगतो. म्हणजे आपला देव आपल्यावर कोपला म्हणून शत्रू वरचढ झाला, ही कल्पना इस्राएलपुरतीच नव्हती. ती त्यांच्या शत्रूलाही ठाऊक होती.

मग संदेष्ट्यांचे वेगळेपण कशात आहे? मेशाच्या लेखात कमोश अम्रीला बोलावून घेत नाही, त्याला कामगिरी देत नाही, आणि मवाबी लोकांशी क्रूरपणे वागल्याचा हिशेब इस्राएलच्या राजाकडे मागत नाही. संदेष्ट्यांचा देव हे सर्व करतो. हा फरक मनात पक्का करूनच पुढच्या पायरीकडे जावे.

तिसरी पायरी: यशया १० सावकाश वाचावा

आरंभासाठी यशया १०:५ ते १९ याहून चांगला उतारा मला माहीत नाही. देववाणींच्या लांबलचक संग्रहांपासून सुरुवात करण्यापेक्षा या पंधरा वचनांवर एक संध्याकाळ घालवावी. पेन्सिल घेऊन बसावे आणि प्रत्येक वाक्य कोण बोलत आहे हे समासात लिहावे, कारण येथे बोलणारे दोन आहेत, परमेश्वर आणि अश्शूरचा राजा, आणि त्यांच्या म्हणण्यातील तफावत हाच या उताऱ्याचा विषय आहे.

पाचव्या वचनात अश्शूरला परमेश्वराच्या क्रोधाचा दंडा म्हटले आहे, पण त्याच वाक्याची सुरुवात अश्शूरला ‘हाय हाय’ म्हणून होते. पुढे परमेश्वर सांगतो की एका अधर्मी राष्ट्रावर मी त्याला पाठवतो. हे राष्ट्र म्हणजे त्याची स्वतःचीच प्रजा. सातव्या वचनात मात्र कलाटणी मिळते: अश्शूरच्या मनात असे काही नाहीच, त्याला केवळ पुष्कळ राष्ट्रांचा नायनाट करायचा आहे. एकाच स्वारीमागे दोन हेतू आहेत, एक पाठवणाऱ्याचा आणि एक जाणाऱ्याचा, आणि ते परस्परांशी जुळत नाहीत. राजा आपले विजय मोजू लागतो, कर्कमीश, हमाथ, अर्पाद, दिमिष्क, शोमरोन, आणि तेराव्या वचनात हे सारे माझ्या बाहुबलाने व माझ्या शहाणपणाने झाले असे म्हणतो. चौदाव्या वचनात त्याची बढाई शिगेला पोहोचते. घरट्यात सोडून दिलेली अंडी गोळा करावीत तशी मी अवघी पृथ्वी गोळा केली, आणि कोणी पंख हालवला नाही, चोच उघडली नाही की चिवचिव केली नाही, असे तो सांगतो. येथे क्षणभर थांबावे. लुटल्या गेलेल्या राष्ट्रांचे मूकपण संदेष्ट्याने लुटारूच्याच तोंडून वदवले आहे, आणि त्या वाक्यात यहूदाचा कैवार घेताना इतर सर्व जिंकलेल्या लोकांचे दुःखही येऊन गेले आहे. पुढच्याच वचनात संदेष्टा विचारतो की कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे मिरवील काय, करवत ओढणाऱ्यापुढे तोरा दाखवील काय.

नव्या वाचकाला येथे न्याय्य शंका येते: देवानेच पाठवले असेल तर शिक्षा कशाबद्दल? उतारा या प्रश्नाला बगल देत नाही. पाठवले म्हणून शिक्षा नाही. मर्यादा ओलांडली, हेतू दुष्ट होता आणि श्रेय स्वतःकडे घेतले म्हणून शिक्षा आहे. बाराव्या वचनात क्रमही सांगितला आहे: सियोनेवरचे, म्हणजे यरुशलेमवरचे, काम पुरे झाल्यावर राजाच्या उद्दाम मनाचा समाचार घेतला जाईल. हे उत्तर प्रत्येकाचे समाधान करील असे मी म्हणत नाही, आणि पुढे हबक्कूक स्वतः त्यावर वाद घालतो. पण आधी ते जसे आहे तसे समजून घ्यावे.

चौथी पायरी: तीच मांडणी घटनेत पाहावी

आता यशया ३६ आणि ३७ वाचावेत. लाखीशहून सन्हेरीबाने पाठवलेला सरदार रब्शाके वरच्या तळ्याच्या नळापाशी, परिटाच्या शेताच्या रस्त्यावर उभा राहून बोलतो. यहूदाचे अधिकारी त्याला विनवतात की आमच्याशी अरामी भाषेत बोला, तटावरच्या लोकांना कळेल अशा भाषेत बोलू नका; त्यावर तो मुद्दाम आवाज चढवून यहूद्यांच्या भाषेतच ओरडतो. त्याच्या भाषणातील दहावे वचन अधोरेखित करावे. परमेश्वरानेच मला या देशावर चालून जायला सांगितले आहे, असे तो म्हणतो! यशया १० वाचून आलेल्या वाचकाला हे वाक्य ओळखीचे वाटेल, कारण ते जवळजवळ यशयाचेच म्हणणे आहे. तरीही रब्शाके दोषी ठरतो, कारण थोड्याच वेळात तो हमाथ आणि अर्पादच्या देवांच्या यादीत परमेश्वरालाही बसवतो: त्यांनी आपापले देश वाचवले नाहीत, मग हा काय वाचवणार? बरोबर असलेले विधान चुकीच्या तोंडी आणि चुकीच्या हेतूने आले की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला या ग्रंथांत दुसरे दिसत नाही.

हीच स्वारी अश्शूरच्या बाजूनेही नोंदलेली आहे. सन्हेरीबाच्या मातीच्या इष्टिकालेखांत ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचा आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातील पक्ष्यासारखे यरुशलेमात कोंडल्याचा दावा आहे. यरुशलेम घेतल्याचा दावा मात्र नाही. लाखीशच्या वेढ्याची त्याने आपल्या राजवाड्यात कोरून घेतलेली दृश्ये आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. २ राजे १८ मध्ये हिज्कीयाने ३० किक्कार (वजनाचे जुने माप) सोने व ३०० किक्कार चांदी खंडणी दिल्याचे सांगितले आहे. अश्शूरच्या लेखातही सोने ३०च आहे, चांदी ८०० आहे. यशयाच्या ग्रंथात हा खंडणीचा भाग गाळलेला आहे. असे गाळणे दिसले की घाबरून जाऊ नये किंवा झाकूनही ठेवू नये. ग्रंथकाराला कशावर भर द्यायचा होता हे त्यातून कळते.

यशया ३७:२९ मध्ये परमेश्वर सन्हेरीबाला बजावतो की मी तुझ्या नाकात कडी आणि तोंडात लगाम घालून आल्या वाटेने तुला माघारी नेईन. ही कल्पनेतली भाषा नाही. सन्हेरीबाचा मुलगा एसरहद्दोन याचा झिंजिर्ली येथे सापडलेला स्तंभ बर्लिनमध्ये आहे. त्यावर दोन बंदिवान दाखवले असून त्यांच्या ओठांतील कड्यांना बांधलेल्या दोऱ्या एसरहद्दोनाच्या हातात आहेत. जगाला वेसण घालणाऱ्यालाच वेसण घातली जाईल, हे ऐकणाऱ्या यहूद्यांना कसे वाटले असेल याची कल्पना ते कोरीव काम पाहून येते.

पाचवी पायरी: आरोपपत्र तपासावे

आमोसाचे पहिले दोन अध्याय वाचताना वहीत प्रत्येक राष्ट्रापुढे चार गोष्टी लिहाव्यात: आरोप काय, अन्याय कोणावर झाला, शिक्षा काय, आणि शेवटी आशेचा शब्द आहे का. दिमिष्काने इस्राएलच्या गिलाद प्रांताला लोखंडी मळणीच्या अवजारांनी तुडवले. गज्जाने वस्त्याच्या वस्त्या धरून अदोमाला विकल्या. अम्मोनाने आपली हद्द वाढवण्यासाठी गिलादातील गरोदर स्त्रियांची पोटे फाडली. मूर्तिपूजेचा आरोप या सहा परक्या राष्ट्रांवर एकदाही नाही, हे वही पाहिल्यावर लगेच लक्षात येते. त्यांना मोशेचे नियमशास्त्र दिलेले नव्हते, म्हणून त्या नियमशास्त्राने त्यांना तोललेले नाही. युद्धातील क्रौर्य, माणसांची विक्री, बंधुत्वाच्या कराराचा भंग, हे पाप आहे असे प्रत्येक माणसाला समजायलाच हवे, हे आमोस गृहीत धरतो.

मवाबावरचा आरोप सर्वांत महत्त्वाचा आहे. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. अदोम हा इस्राएलचा मित्र नव्हता. त्याच्यावरचा आरोप आमोसाने नुकताच, आधीच्याच अध्यायात वाचून दाखवलेला आहे. शत्रूने शत्रूच्या प्रेताची विटंबना केली, त्यात इस्राएलचे काहीही गेले नाही, तरी परमेश्वर त्याचा हिशेब मागतो. त्याची सत्ता आपल्या लोकांच्या कैवारापुरती नाही, हे या एका वचनाने सिद्ध होते.

आणि मग फास आवळतो. उत्तरेच्या राज्यातील श्रोते प्रत्येक शेजाऱ्याच्या निषेधाला मान डोलवत असतील, तोच यहूदाचे नाव येते आणि लगेच त्यांचे स्वतःचे. त्यांच्यावरचा आरोप इतरांपेक्षा लांबलचक आहे: नीतिमानाला रुप्यासाठी आणि दरिद्र्याला पायतणांच्या जोडासाठी विकतात, गहाण घेतलेल्या वस्त्रांवर प्रत्येक वेदीजवळ लोळतात. यिर्मया २५ मधील क्रोधाच्या प्याल्याचा क्रमही असाच आहे. प्रथम यरुशलेमला तो प्यावा लागतो, मग इतरांना, आणि सर्वांत शेवटी बाबेलच्या राजाला.

यानंतर याच चार प्रश्नांनी यिर्मया ४८ वाचून पाहावा. मवाबाच्या गर्वावर कठोर बोलतानाच परमेश्वराचे हृदय मवाबासाठी पाव्यासारखे शोक करते असे तेथे म्हटले आहे, आणि अध्यायाच्या शेवटी मवाबाला परत आणण्याचे वचनही आहे.

सहावी पायरी: ऐकणारे कोण होते

या देववाणी परक्या राष्ट्रांना उद्देशून असल्या तरी त्या मुख्यतः यहूदातील लोकांनी ऐकल्या, आणि त्या ऐकून त्यांना राजकीय निर्णय घ्यायचे होते. यशया ३१ मध्ये मिसरच्या घोड्यांवर विसंबणाऱ्यांना सांगितले आहे की मिसरी माणसे आहेत, देव नव्हेत. परमेश्वर सर्व राष्ट्रांचा धनी असेल तर एका साम्राज्यापासून सुटण्यासाठी दुसऱ्याच्या पायाशी लोळणे व्यर्थ आहे, हा त्यातला युक्तिवाद.

याचे सर्वांत बोचरे रूप यिर्मया २७ आणि २८ मध्ये आहे. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या काळात अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सिदोन यांचे वकील बाबेलविरुद्ध मसलत करण्यासाठी यरुशलेमात जमले असताना यिर्मया मानेवर जू घेऊन येतो आणि त्यांच्या राजांना निरोप धाडतो: पृथ्वी मी घडवली, मला योग्य वाटेल त्याला मी ती देतो, आणि आता हे सर्व देश मी माझा सेवक नबुखद्नेस्सर याच्या हाती दिले आहेत. (सत्ताविसाव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात काही प्रतींत आधीचा राजा यहोयाकीम याचे नाव दिसते, पण तिसऱ्या व बाराव्या वचनावरून प्रसंग सिद्कीयाच्या काळातला हे उघड आहे, नव्या वाचकाने त्यात गोंधळू नये.) मंदिराची पात्रे लुटून नेणाऱ्या राजाला परमेश्वराचा सेवक म्हणणे त्या काळी देशद्रोहाइतकेच भयंकर वाटले असणार. पण त्याच निरोपात मुदतही आहे: त्याच्या देशाची वेळ येईपर्यंतच सर्व राष्ट्रे त्याची, त्याच्या मुलाची व नातवाची सेवा करतील.

मग हनन्या नावाचा संदेष्टा पुढे येऊन दोन वर्षांत मंदिराची पात्रे परत येतील असे सांगतो आणि यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून मोडतो. त्याआधी यिर्मया त्याला काय म्हणाला ते लक्षपूर्वक वाचावे. तो आमेन म्हणतो. परमेश्वर तसेच करो, असे म्हणतो. त्याला आपल्या लोकांचा नाश नको होता. पुढे त्याला सांगावे लागते की लाकडी जू मोडून तुम्ही लोखंडी जू ओढवून घेतले आहे. परमेश्वराची सत्ता म्हणजे आपला विजय असे हनन्याने धरले होते, आणि त्या धारणेची किंमत यरुशलेमने थोड्याच वर्षांत मोजली. लगेच पुढच्या अध्यायात, बाबेलात नेलेल्यांना लिहिलेल्या पत्रात, यिर्मया त्यांना त्या शत्रुनगराच्या कल्याणासाठी झटण्यास व प्रार्थना करण्यास सांगतो.

सातवी पायरी: भाकीत आणि परिणाम यांची सांगड

येथे उतावीळपणा टाळावा. देववाणी म्हणजे आधीच छापून ठेवलेले वेळापत्रक, असे समजून वाचणारा माणूस यहेज्केलापाशी अडकतो. सव्विसाव्या अध्यायात नबुखद्नेस्सर सोरेचे तट फोडून तिची संपत्ती लुटील असे म्हटले आहे. जोसिफस या ज्यू इतिहासकाराने हा वेढा १३ वर्षे चालल्याचे लिहिले आहे. पण बेटावरच्या त्या नगराची लूट बाबेलच्या हाती लागली नाही. गंमत नव्हे, गांभीर्याची गोष्ट अशी की हे आपल्याला यहेज्केलच सांगतो. एकोणतिसाव्या अध्यायाच्या सतराव्या वचनापासून, इ.स.पू. ५७१ मधील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देववाणीत, सैनिकांच्या हालांचे वर्णन येते: ओझी वाहून प्रत्येकाच्या डोक्याचे केस गेले, प्रत्येकाचा खांदा सोलवटला, आणि सोरेकडून ना राजाला मजुरी मिळाली ना त्याच्या सैन्याला. म्हणून मिसर त्याला मजुरीदाखल दिला जाईल, असे परमेश्वर म्हणतो. पुढे इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने समुद्रात भर घालून ते बेट गाठले आणि सोर घेतले. कित्येक भाष्यकार त्या घटनेचा संबंध सव्विसाव्या अध्यायाशी जोडतात. मला मात्र अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी जुनी देववाणी खोडली नाही आणि नवीही लपवली नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या.

या सांगडीची किल्ली यिर्मया १८:७ ते १० मध्ये आहे. एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असे परमेश्वर म्हणाला आणि ते राष्ट्र वाईटापासून वळले, तर तोही अरिष्टापासून परावृत्त होतो. आणि याच्या उलटही घडते. तेथे ‘एखादे राष्ट्र’ म्हटले आहे, केवळ इस्राएल नव्हे. योनाचा ग्रंथ म्हणजे हाच नियम कथेत उतरलेला आहे, आणि तोही सर्वांत द्वेष्य नगराच्या बाबतीत. नहूम आणि योना लागोपाठ वाचावेत: एकाच निनवेचा एकात नाश आहे, दुसऱ्यात १,२०,००० हून अधिक माणसांबद्दल आणि पुष्कळ गुराढोरांबद्दल देवाला वाटणारी कळकळ आहे. योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या उपासनेत सिनेगॉगमध्ये योना वाचतात, आणि कोकणात व मुंबईत रुजलेल्या बेने इस्राएल समाजाच्याही ओळखीचा तो पाठ आहे. स्वतःच्या पश्चात्तापाच्या दिवशी शत्रूच्या पश्चात्तापाची गोष्ट ऐकण्याची ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते.

आठवी पायरी: जे अध्याय सहसा कोणी दाखवत नाही

यशया १९ ची सुरुवात मिसरवरच्या कठोर शब्दांनी होते, पण शेवटची तीन वचने वाचून पुस्तक खाली ठेवावेसे वाटते. मिसरहून अश्शूरला राजमार्ग होईल. दोन्ही मिळून उपासना करतील. आणि परमेश्वर मिसरला माझी प्रजा, अश्शूरला माझ्या हातची कृती आणि इस्राएलला माझे वतन म्हणून आशीर्वाद देईल. एकाने गुलाम केले, दुसऱ्याने राज्य बुडवले. त्या दोघांमध्ये इस्राएल तिसरा म्हणून उभा आहे. आमोस ९:७ हेही याच्याच जोडीला ठेवावे. तुम्हांला मिसरातून आणले तसेच पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून मीच आणले नाही काय, असे परमेश्वर तेथे विचारतो. शत्रूच्या इतिहासातही त्याचा हात होता.

कोरेशाविषयीचा भाग, यशया ४४:२८ ते ४५:७, मेशाच्या शिलालेखाप्रमाणेच बाहेरच्या पुराव्यासोबत वाचावा. बाबेलच्या अवशेषांत १८७९ मध्ये सापडलेल्या कोरेशाच्या मातीच्या नळकांडीलेखात त्याला बाबेलचा देव मर्दूक याने निवडले असे म्हटले आहे. यशयात त्याच कोरेशाला परमेश्वर आपला अभिषिक्त म्हणतो आणि दोनदा बजावतो की तू मला ओळखत नव्हतास. राजाने श्रेय कोणालाही द्यावे, त्याला उभे करणारा कोण याविषयी संदेष्ट्याच्या मनात शंका नाही.

यानंतर हबक्कूकाचे तीन अध्याय वाचावेत, आणि ते एका बैठकीत वाचावेत. खास्द्यांना, म्हणजे बाबेलच्या लोकांना, मी उभे करत आहे असे ऐकल्यावर हा संदेष्टा गप्प बसत नाही. दुष्ट आपल्याहून नीतिमान असलेल्याला गिळतो तेव्हा तू का पाहत राहतोस, असे तो देवालाच विचारतो, आणि उत्तरासाठी बुरुजावर उभा राहतो. यशया १० वाचताना आलेली आपली शंका ग्रंथातच अशी नोंदलेली पाहून नव्या वाचकाला धीर येतो. मिळालेले उत्तर दुसऱ्या अध्यायातील पाच धिक्कारांत आहे: ज्याने पुष्कळ राष्ट्रे लुटली त्याला उरलेली राष्ट्रे लुटतील, आणि ज्याने रक्त सांडून नगर बांधले त्याचे श्रम अग्नीचे भक्ष्य होतील.

शेवटची खबरदारी

प्राचीन नावांच्या जागी आजच्या राष्ट्रांची नावे घालण्याचा मोह प्रत्येक पिढीला झाला आहे. मृत समुद्राजवळील कुमरान येथे १९४७ मध्ये सापडलेल्या गुंडाळ्यांत हबक्कूकावरचे एक भाष्य आहे. त्यात खास्द्यांच्या जागी कित्तीम म्हणजे, बहुतेक अभ्यासकांच्या मते, रोमी लोक धरले आहेत. पुढेही अशी समीकरणे मांडली गेली आणि काळाने ती पुसून टाकली. आजचा इराण म्हणजे एलाम, अमुक देश म्हणजे यहेज्केल ३८ मधील शत्रुराजा गोग याचा मुलूख, अशी खात्रीने सांगणारी माणसे भेटतील, तेव्हा त्यांना आमोसाचा दुसरा अध्याय उघडून दाखवावा: तेथे यादीचा शेवट ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने होतो. ज्या वचनांत मवाबासाठी देव रडतो, ती कोणत्याही जिवंत समाजाच्या द्वेषासाठी वापरणे हा त्या वचनांवर अन्याय आहे, आणि अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांनी हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे.

म्हणूनच गोगाविषयीचे यहेज्केल ३८ आणि ३९ सर्वांत शेवटी ठेवावेत, मधल्या काळात ओबद्या आणि यिर्मया ४९ शेजारी ठेवून त्यांतील अदोमाविषयीची समान वचने शोधावीत, आणि मग यिर्मया ५० व ५१ घ्यावेत. तोवर गोगाच्या जबड्यातील गळ वाचताना फारोच्या जबड्यातील गळ (यहेज्केल २९:४) आणि सन्हेरीबाच्या नाकातील कडी आपोआप आठवतील, आणि त्या अध्यायांत कोणत्या देशाचे नाव शोधायचे यापेक्षा कोणत्या देवाचे वर्णन चालले आहे याकडे लक्ष जाईल.